पेरणीच्या आधी सातबारा



मागे आम्ही बीड जिल्ह्यात वडवणी-धारूरच्या बाजूला गेलो होतो. हा बालाघाटाचा भाग. रान हलके, मुरमाड. एका वस्तीवर एका मावशींची गाठ पडली. दीड एकर कोरडवाहू, नवरा-बायकोचा एक कोयता आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडले की पाच-सहा महिने उसाचा फड. आम्ही सहज विचारले, "मावशी, सोयाबीन बीबीएफ यंत्राने पेरता का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, यंत्र आधी मोठ्याच्या रानात जातं. आमच्या तुकड्यात ट्रॅक्टरवाल्याला वळायला जागा नाही. त्याची वाट बघावी तर वाफसा मोडतो. अन् साहेबांची मिटिंग होती तवा आम्ही फडात असतो. सांगा, शिकायचं कवा?"

शेतकरी अडाणी आहे, सुधारणा नको म्हणतो, असे म्हणणाऱ्यांनी या मावशींचे उत्तर ऐकावे. अडचण डोक्यात नाही, ती रानाच्या आकारात, हंगामात आणि कागदात आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून हे दाखवले होते. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. शंभर वर्षांनंतरही मावशींच्या दीड एकराला तेच लागू पडते.

रुंद वरंबा-सरीची पद्धत चांगली आहे, यात शंका नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ ती सांगते. २०१८ साली जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही तिच्यावर भर होता. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरते, जास्त झाला तर सरीतून निघून जाते. ज्या जिल्ह्याने २०१२ आणि २०१५ चा दुष्काळ पाहिला आणि सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टीही सोसली, त्याला असे दुहेरी संरक्षण हवेच. पण यंत्र नसेल तर? तर चार ओळी पेरून पाचवी ओळ मोकळी सोडावी. पुढे कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून त्या मोकळ्या जागेत सरी काढावी. बैल किंवा माणूस, दोघांनाही हे जमते. पेरणी मात्र उताराला आडवी हवी.

दुसरी गोष्ट बियाण्याची. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी झाल्या. सोयाबीनचे वाण सरळ असते, म्हणून घरचे बियाणे चालते. दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागत नाही. संकरित कपाशीचे तसे नाही. पण घरचे बियाणे तपासून घ्यावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी. आठवडाभरात सत्तर दाणे चांगले उगवले तर एकरी तीस किलो पुरते. कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. फारच कमी असेल तर ते पेरू नये. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, पोती आपटू नयेत. पेरताना आधी बुरशीनाशक आणि मग जिवाणू खत चोळावे, उलट नको. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. दुबार पेरणी म्हणजे मुकादमाकडून दुबार उचल!

यातले बहुतेक काम थोड्या खर्चात होते. पण विहीर, ठिबक, पंप यांना पैसा लागतो, आणि तिथे कागद आडवा येतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीला किमान एक एकर जमीन लागते, आणि सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला आपल्या नावाचा लागतो. आमच्या घरांत काय असते? सातबारा वारलेल्या आजोबांच्या नावावर, कसणारे चार भाऊ. मग अर्ज कोणी करायचा? २०२५ पासून तर शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय कृषी खात्याच्या योजना मिळत नाहीत, आणि तो क्रमांकही नावावरच्या जमिनीला जोडलेला आहे.

गायरान कसणाऱ्यांचे दुखणे याहून जुने. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही कितीतरी घरे अजून दंडाच्या पावत्या जपून बसली आहेत. ज्या रानाचे उद्या काय होईल ठाऊक नाही, त्यात बांध कोण घालील? शेणखत कोण टाकील?

म्हणून आमचे सांगणे असे. ऊसतोडीला गेलेली बहुतेक घरे भीमजयंतीपर्यंत गावी परततात. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ विहारात शेतीसाठी ठेवा. कृषी सहायकाला तिथेच बोलवा; गेवराईजवळ खामगावला आणि अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथल्या तज्ज्ञांनाही पत्र द्या. महिला मंडळाने गोणपाटावर दाणे मांडून दाखवावे. शिकलेल्या पोरांनी घरोघरचे सातबारे वाचावे, वारस नोंदीचे अर्ज भरून तलाठ्याकडे द्यावे आणि पोच घ्यावी. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावायला १९९२ पासून लक्ष्मीमुक्तीची सोय आहे, तिचाही विचार करावा. पाच-सात तुकडेवाल्यांनी बांधाला बांध लागून पेरणीचा एकच दिवस ठरवला, तर ट्रॅक्टरवाल्यालाही वळायला जागा होते.

निघताना मावशी म्हणाल्या, "दीड एकर आहे, पण माझ्या नावावर पाय ठेवायलाही नाही." रान त्या कसतात, कोयताही त्याच धरतात. त्यांच्या नावाची नोंद होईल, त्या दिवशी आम्ही त्यांना बीबीएफबद्दल पुन्हा विचारू.