टी-शर्ट, टोपी आणि एक रोप

ऑफिसात पुन्हा तो मेल आला. येत्या शनिवारी वृक्षारोपण, सकाळी साडेसहाला बस, टी-शर्ट आणि टोपी कंपनीकडून, नाश्ता तिथेच. मी सलग तीन वर्षं गेलोय, तेव्हा हे काही लांबून मारलेले दगड नाहीत. तिन्ही वर्षी माळ तोच. तिसऱ्या वर्षी तर खड्डेसुद्धा तेच होते हो! गेल्या वर्षीची वाळकी काटकी उपटायची, तिथे नवं रोप ठेवायचं आणि फोटो काढायचा.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, काहीच न करण्यापेक्षा हे बरं ना? नाही. बरं नाही.

एक तर ती जागा. दख्खनचं माळरान म्हणजे झाडं हरवलेलं जंगल नव्हे. कमी पावसाच्या पट्ट्यात गवत हीच तिथली श्रीमंती. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी त्याच्यावर जगतात, धनगरांची मेंढरं त्याच्यावर चरतात. पण सरकारी दप्तरात त्याचं नाव 'पडीक', म्हणून आपण खड्डे खणायला मोकळे. पुण्याच्या टेकड्यांवर अशाच उत्साहात मध्य अमेरिकेतला ग्लिरिसिडिया लावला गेला. भराभर वाढला, हिरवंगार दिसलं, सगळे खूश. (मलाही कित्येक वर्षं ते जंगलच वाटायचं.)

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. या कार्यक्रमात कुणालाच काही सोडावं लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (म्हणजे जुन्या अहमदनगरच्या) हिवरे बाजारचं नाव आपण सगळे घेतो. पाऊस साधारण चारशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, वगैरे आपल्याला पाठ असतं. तिथल्या टेकडीचे फोटोही छान येतात. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे त्या गावाने स्वतःवर घातलेली बंधनं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस नाही, केळी नाही. आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद: पडलं किती, मुरलं किती, त्यातून आधी प्यायला, मग गुराढोरांना आणि उरलं त्यात पिकं. पाऊस कमी झाला की रब्बीला कात्री. विचार करा, स्वतःच्या शेतात, स्वतःच्या विहिरीवर, गाव सांगतंय म्हणून माणूस पीक घेत नाही! चर खणणं त्यामानाने सोपं असतं.

हे नसेल तर काय होतं तेही आपल्या राज्यात दिसतं. शेततळं आलं पावसाचं पाणी साठवायला. बऱ्याच ठिकाणी लोकांनी त्यात प्लास्टिक अंथरलं आणि बोअरचं पाणी उपसून भरलं. म्हणजे जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर आणून एकाच्या नावावर केलं, आणि वर उन्हात वाळत घातलं.

आणि नियम करणारे तिथलेच लोक हवेत. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे जंगलाचे निर्णय ग्रामसभा घेते, बसमधून उतरलेली टोपीवाली मंडळी नाहीत.

आता आपलं गाव बघू, म्हणजे आपली सोसायटी. आमच्याकडे २०० फ्लॅट. चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे १,०८,००० लिटर. गच्ची १,००० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलिमीटर धरा. थेंब न थेंब पकडला तरी वर्षाचे ७ लाख लिटर. म्हणजे साडेसहा दिवस! गच्चीचं पाणी जरूर मुरवा, मी विरोधात नाही. पण वापर नुसता दहा टक्क्यांनी घटला तर वर्षाला ३९ लाख लिटर वाचतात, त्या गच्चीच्या साडेपाचपट. त्यासाठी काय लागतं? प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर आणि वापरेल तसं बिल. बस.

हा हिशेब मी वार्षिक सभेत मांडला. पर्जन्यजल योजनेला टाळ्या पडल्या, मीटरला अकरा मतं. "पाण्याचे पैसे मोजायला आम्ही काय भाड्याने राहतो?" असं एका काकांनी विचारलं. हेच काका दर पावसाळ्यात आवारात रोप लावतात. असो.

मग आम्ही तिघांनी एक बिनखर्चाचं काम सुरू केलं. वॉचमनकाकांच्या वहीत टँकरची नोंद असतेच. ती महिन्याच्या एक तारखेला मोठ्या अक्षरात लिफ्टजवळ लावायची. कुणाला दोष नाही, सल्ला नाही, फक्त आकडा आणि त्याची रक्कम. तुमच्याकडेही वही असेल, उद्या सुरू करता येईल. एप्रिलचे टँकर ६१. मेचे ७४. मेच्या कागदावर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी पेनाने लिहिलं, "बी विंगमध्ये रोज पाइप लावून गाड्या कोण धुतं?" त्याखाली वेगळ्या अक्षरात, "आधी तुमची गळकी टाकी बघा." आता व्हॉट्सअॅपवर जोरदार जुंपली आहे आणि मीटरचा विषय पुढच्या सभेच्या यादीत आलाय. मी नाही टाकला, काकांनीच टाकलाय.