आठ दिवसांची शर्यत : पैसे वसूल की खिशाला चाट?

दोस्तांनो, या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात वाईजवळच्या एका गावाहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र चांगलं चार पानी, आणि त्यातली साडेतीन पानं दादाच्या तक्रारींची! दादा साताऱ्याला नोकरीला लागला, वर्षभर पगारातून पैसे बाजूला टाकले आणि दिवाळीला बहिणीला गिअरची सायकल घ्यायचं कबूल केलं. शाळा सहा किलोमीटर लांब, वाटेत चढ, आणि आत्ताच्या सायकलची चेन आठवड्यातून दोनदा पडते. म्हणजे सायकल काही हौसेची नव्हे. पण मध्येच दादाला माउंटन बाईकच्या शर्यतीचं वेड लागलं. साधीसुधी शर्यत नाही हं, आठ दिवसांची, हिमालयातली! आता साठवलेले सगळे पैसे तिकडे जाणार. बाबा म्हणतात, ‘पैसे देऊन घाम गाळायचा हा कुठला धंदा?’ आई काहीच बोलत नाही. आणि आपली मैत्रीण विचारते, ‘एवढे पैसे देण्यासारखं असतं तरी काय त्यात?’

प्रश्न फक्त तिच्या घरचा नाही. कुणाच्या घरी क्रिकेटच्या शिबिराची फी असते, कुणाच्या घरी हिमालयातल्या ट्रेकची. तेव्हा आज जरा हिशोबाची वही उघडू या. आईबाबांनो, तुम्हीही वाचा.

आधी ही शर्यत असते कशी ते पाहू. हिला म्हणतात टप्प्यांची शर्यत. रोज एक टप्पा. सकाळी सगळे एकत्र निघतात, प्रत्येकाला लागलेला वेळ लिहून ठेवतात, संध्याकाळी जेवायचं, झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं. सगळ्या दिवसांच्या वेळांची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात ‘एमटीबी हिमालय’ नावाची अशी शर्यत २००५ साली सुरू झाली. जगात सर्वांत नावाजलेली म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली ‘केप एपिक’. ती २००४ साली सुरू झाली. आठ दिवस, सहाशे-सातशे किलोमीटर, बहुतेक सगळं मातीत आणि दगडधोंड्यांत. तिची गंमत म्हणजे तिथे एकट्याने जायचंच नाही, जोडीने जायचं, आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड! म्हणजे जोडीदार दमला की तुम्हीही थांबा. आणि तिची फी? एका जोडीला काही लाख रुपये. विमानाचं भाडं वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, शर्यतीत भाग घेणाऱ्याने पैसे द्यायचे की त्याला मिळायचे? हा वाद पार पहिल्या ‘टूर द फ्रान्स’पासूनचा आहे! १९०३ साली एका फ्रेंच वर्तमानपत्राने आपला खप वाढवण्यासाठी ही शर्यत काढली. प्रवेश फी ठेवली २० फ्रँक. आणि नावं आली किती? फक्त १५. महिना-दीड महिना घरापासून लांब राहायचं, वर फी भरायची, हे कुणाला परवडणार? संयोजकांची धावपळ उडाली. शर्यतीचे दिवस कमी केले, तारीख पुढे ढकलली, फी निम्मी म्हणजे १० फ्रँक केली, आणि ठरावीक वेग राखणाऱ्या ५० जणांना रोजचा ५ फ्रँक भत्ता जाहीर केला. मग मात्र ६० जण निघाले. शेवटपर्यंत पोचले २१. जिंकला मॉरिस गारँ, जो लहानपणी धुराडी साफ करायचं काम करायचा. म्हणजे ‘पैसे वसूल होतात का’ हा प्रश्न बाबांनी काही नवा काढलेला नाही. पहिल्या टूरच्या सायकलपटूंनीही आधी तोच विचारला होता.

आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात आणि बक्षीस देतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. अशा शर्यतींचा खर्च पुरस्कर्ते, सरकार, मोठ्या कंपन्या उचलतात, कारण लोक बघायला येतात. पण दादाच्या शर्यतीला बघे नसतात. डोंगरात कोण बघायला जाणार? चारदोन मेंढपाळ आणि त्यांची कुत्री! म्हणून तिथला खर्च भाग घेणाऱ्यांनीच वाटून घ्यायचा असतो. फी मोठी दिसते ती यामुळे. प्रत्येक वेळी कुणीतरी आपल्याला लुबाडतंय असं नसतं.

मग हा पैसा जातो कुठे? वाटेवर खुणा लावणारी माणसं, वळणावळणाला उभे राहणारे कार्यकर्ते, डॉक्टर, रुग्णवाहिका, बिनतारी संच, तंबू, दोन्ही वेळचं जेवण, सामान पुढच्या मुक्कामी नेणारे ट्रक, वनखात्याच्या परवानग्या, आणि सर्वांत मागून येणारी गाडी, जी दमलेल्यांना गोळा करते. मला विचाराल तर यातली खरी मोलाची वस्तू डॉक्टर आणि ती मागची गाडी. तंबू नि जेवण आपलं आपण पाहू शकतो. पण तीन हजार मीटर उंचीवर, जिथे मोबाइलही लागत नाही, तिथे हात मोडला तर दोन तासांत कुणीतरी पोचेल, ही खात्री घरी बसून विकत घेता येत नाही.

आता एक गमतीचं गणित करू. समजा, सगळा मिळून खर्च ४० हजार रुपये आणि दिवस आठ. पहिला येणारा रोजचा टप्पा ४ तासांत संपवतो. म्हणजे त्याला ३२ तास सायकल चालवायला मिळाली, तासाला १२५० रुपये पडले. शेवटून पहिला येणारा रोज ८ तास घेतो. त्याचे ६४ तास, तासाला फक्त ६२५ रुपये! शिवाय वाटेतलं खाणंपिणं, डॉक्टर, मागची गाडी, सगळ्याचा पुरेपूर लाभ त्यालाच. म्हणजे शेवटच्या नंबराला शर्यत सर्वांत स्वस्त! हसू नका. पहिल्या दिवशी पडून गुडघा फुटला आणि घरी परतावं लागलं, तर हेच ४० हजार एका दिवसाचे झाले. फी सहसा परत मिळत नाही.

फीबरोबर इतरही खर्च येतात, ते जाहिरातीत लिहिलेले नसतात. सायकल खोक्यात भरून रेल्वेने न्यायची, जाण्याआधी नवे टायर, नवी चेन, ब्रेकचे नवे पॅड. आठ दिवसांच्या चिखलात ते पॅड झिजून जातात, तेव्हा परतल्यावर पुन्हा दुकानात! नोकरीतली रजा कापली गेली तर ते वेगळंच. दादाने फी किती ते सांगितलं असेल. बाकीचा आकडा त्याने मांडलाय का, ते त्याला विचार. भांडू नकोस, नुसतं विचार.

बरं, एवढे पैसे देऊन माणूस खरं तर काय घ्यायला जातो? डोंगर? ते वाईला कमी आहेत का! वेग? तो एका दिवसाच्या शर्यतीतही असतो. अनेक दिवसांच्या शर्यतीत जे वेगळं असतं ते म्हणजे तिसऱ्या दिवसाची सकाळ. सवय नसताना अंगमेहनत केली की स्नायूंचं दुखणं त्याच दिवशी फारसं कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं. स्नायूंत साठवलेली साखरही संपलेली असते, आणि ती पुरती भरून यायला नीट जेवून साधारण एक दिवस लागतो. इथे तर दुसऱ्या सकाळी पुन्हा निघायचं! त्या सकाळी मांड्या दगड झालेल्या, बैठक सोललेली, आणि समोर चढ. तेव्हाही सायकलवर बसावंसं वाटतं का, हे कळण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आणि हे वाईत राहून कळू शकतं! माझा हिशोब पाहा. पहिला दिवस पसरणीचा घाट. वाई सुमारे ७२० मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे १२९० मीटरवर, मधलं अंतर साधारण १२ किलोमीटर. म्हणजे १२ किलोमीटरमध्ये ५७० मीटर चढायचं. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर एवढ्या चढाला शरीर साडेचारशे-पाचशे कॅलरी जाळतं, म्हणजे जवळजवळ अडीच भाकऱ्या. पाचगणीहून पुढे महाबळेश्वर १९-२० किलोमीटर. तिथे जाऊन संध्याकाळच्या आत वाईला परत. दुसरा दिवस मांढरदेवचा घाट. देऊळ साडेचार हजार फुटांहून उंच आहे आणि वाईहून रस्ता सुमारे २० किलोमीटर. तिसरा दिवस धोमला. धरणाच्या पाण्याच्या कडेने जे कच्चे रस्ते आणि बैलगाडीच्या वाटा आहेत, त्यांवर माउंटन बाईकचं खरं काम. नरसिंहाच्या देवळाशी डबा खायचा.

मुक्काम रोज घरी. तंबूचं भाडं शून्य, जेवण आईच्या हातचं, सामानाचा ट्रक नको. खर्च काय तो पंक्चरचा आणि उसाच्या रसाचा. (आईच्या कष्टांचा हिशोब कुणी धरत नाही, तो मीही धरलेला नाही, हे आईंच्या लक्षात आलंच असेल. दादाने संध्याकाळी भांडी घासावीत.)

अर्थात या फुकटच्या शर्यतीत काही गोष्टी मिळणार नाहीत. मागे गाडी नसेल, तेव्हा एकट्याने जायचं नाही, एक मित्र बरोबर हवाच. हेल्मेट हवं. आणि जून ते सप्टेंबर तर नाहीच. त्या दिवसांत महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि घाटात धुकं, समोरची गाडी दिसत नाही. शिवाय शे-दीडशे अनोळखी माणसं एकाच वेळी एकाच चढावर धापा टाकताहेत, त्यातलाच एक आपला ब्रेक दुरुस्त करून देतोय, ही मजा एकट्याने कशी मिळायची? ती मात्र मी खरी मानतो. शर्यतीहून परतलेली माणसं नंबर विसरतात, पण तंबूतला जोडीदार विसरत नाहीत.

मधला एक रस्ताही आहे. ‘ब्रेव्हे’ नावाचा लांब पल्ल्याच्या सायकलचा प्रकार फ्रान्समधून आला आणि आता महाराष्ट्रातही चांगला रुजलाय. तिथे नंबर नाहीतच. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करा, मग ३००, ४००, आणि ६०० किलोमीटर ४० तासांत. आपलं पंक्चर आपण काढायचं, आपलं जेवण आपण शोधायचं. म्हणून फी टप्प्यांच्या शर्यतीच्या मानाने अगदी किरकोळ. हे सगळे टप्पे पार केलेल्यांना दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या फेरीला जाता येतं. मागची २०२३ साली झाली. मात्र ब्रेव्हे डांबरी रस्त्यावरचा असतो. दादाला चिखलच हवा असेल तर त्याचं समाधान व्हायचं नाही.

आणि तंबू, डॉक्टर, ट्रक काही नसताना फक्त आपली माणसं बरोबर घेऊनही मोठं काम होतं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिका आरपार करणाऱ्या ‘रॅम’ या शर्यतीत जोडीने उतरले आणि ती पुरी केली. तिथे टप्पे नाहीत, रात्रीही घड्याळ चालूच. जवळजवळ ४८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने सायकल चालवायची, आणि मागे मदतीच्या गाड्यांचा ताफा आपला आपण उभा करायचा. तिकडे खर्च काही कमी होत नाही बरं का, फक्त तो संयोजकांच्या खिशात जात नाही.

आता माझं मत. टप्प्यांची शर्यत ही फसवणूक नाही. दिलेल्या पैशांचा मोबदला तिथे मिळतो. पण ज्याने तिसऱ्या दिवसाची सकाळ आधी पाहिली आहे, त्यालाच तो पुरता मिळतो. ज्याने सलग तीन दिवस कधी सायकल चालवलेलीच नाही, त्याने पहिलीच पायरी हिमालयाची धरायची आणि वर्षाची पुंजी त्यावर लावायची, हे मला पटत नाही. तेव्हा दादाने यंदा दिवाळीला सायकल घ्यावी. शब्द आधी तुला दिलाय. शर्यतीचं वेड नंतर लागलंय. दिवाळीनंतर थंडीत रजा काढून पसरणी, मांढरदेव, धोम असे तीन दिवस करावेत. तिसऱ्या सकाळी तो अंथरुणातून उठून आपणहून सायकलला हवा भरायला लागला, तर समजा की त्याचं वेड पक्कं आहे. मग पुढच्या वर्षी त्याने पुन्हा पैसे जमवावेत आणि जावं, बाबांनीही अडवू नये.

धोमच्या दिवशी तू त्याच्याबरोबर जाऊ शकतेस. नवी सायकल असेलच. रस्ता त्या मानाने सपाट आहे. फक्त आईला सांगून जा, आणि डबा दोघांचा घे. आणि दादाला सांग, पसरणीला पहाटे उजाडताच लाग, तेही शनिवार-रविवार सोडून. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात चढावर सायकल घालणं काही खरं नाही.