आमदार, उन्हाळा आणि ७२ तास

विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन आटोपले की आमदार मतदारसंघात परततात, आणि त्याच सुमारास खानदेशातील उन्हाळाही तापू लागतो. सावदा, रावेर, फैजपूर या टापूत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, विहिरींचे तळ दिसू लागतात आणि मे-जूनमधील एखाद्या सायंकाळी उठलेले वादळ कापणीस आलेल्या केळीच्या बागा अर्ध्या तासात आडव्या करून जाते. या दिवसांत आमदारांचे दर्शन घडते ते लग्नमंडपात आणि चौकातील फलकावर. फलकावर हात जोडलेले छायाचित्र असते, शुभेच्छा असतात. टँकरसाठी कोणाकडे जावयाचे, पडलेल्या बागेची सूचना किती वेळात द्यावयाची, मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यास किती दिवस लागतात, यांविषयी त्यावर एक ओळही नसते.

ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ती तशी नाही, हे केळीच्या विम्यावरून दिसून येईल. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीच्या बागेस उन्हाळ्यात दोन प्रकारचे धोके संभवतात. सलग काही दिवस तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, तर भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते; शेतकऱ्याने त्यासाठी स्वतंत्र अर्ज करण्याचे कारण नसते. वाऱ्याची गोष्ट निराळी. वेगाच्या वाऱ्याने बाग पडली तर नुकसानीची सूचना ७२ तासांत विमा कंपनीस द्यावी लागते आणि नंतर प्रत्यक्ष पाहणी होते. म्हणजे एकाच विम्याच्या एका धोक्यात स्वस्थ बसले तरी चालते आणि दुसऱ्या धोक्यात स्वस्थ बसले तर हक्कच धोक्यात येतो. ज्याची बाग पडली आहे तो माणूस पहिला दिवस बांधावर डोके धरून बसतो, दुसऱ्या दिवशी तलाठ्याचा शोध घेतो (तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावाच्या तोंडी मात्र जुनेच आहे), आणि सरकारी पंचनामा झाला म्हणजे विम्याचेही काम झाले अशा समजुतीने तिसऱ्या दिवशी घरी परततो. सरकारी मदतीचा पंचनामा आणि विमा कंपनीस द्यावयाची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कळते तेव्हा मुदत उलटलेली असते. हप्ता भरलेला असतो, नुकसान खरे असते, कायदा बाजूने असतो. नसते ती एक माहिती.

अर्थशास्त्रात माहितीच्या या विषमतेला फार महत्त्व आले आहे. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले आणि २००१ साली त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. राजकारणाच्या बाजारातही काही निराळे घडत नाही. माहिती मूठभरांकडे राहिली की ती वाटणारा मध्यस्थ निर्माण होतो. तालुक्याच्या गावी साहेबांच्या ओळखीचा कार्यकर्ता असतो. तो दूरध्वनी करतो, कागद पुढे सरकवितो, आणि जे नागरिकाला हक्काने मिळावयाचे ते उपकार म्हणून पदरात पडते. त्या उपकाराची परतफेड मतदानाच्या दिवशी होते. अशा व्यवस्थेत माहिती सर्वांना एकदम सांगून टाकणे कोणाच्या सोयीचे असणार? येथेच खरी गोम आहे.

आमदारांजवळ ही माहिती नसते असेही नाही. दरवर्षी पाणीटंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार होतो. नळयोजनांची विशेष दुरुस्ती, विंधन विहिरी, विहिरींचे खोलीकरण, खाजगी विहिरींचे अधिग्रहण आणि सरतेशेवटी टँकर, असा उपायांचा क्रम त्यात असतो. तालुक्याच्या टंचाई आढावा बैठकीत आमदार प्रमुख स्थानी असतात. कोणत्या गावाचा प्रस्ताव आला, कोणाचा आला नाही, कोणाचा कागदाअभावी अडला, हे त्या बैठकीत वाचून दाखविले जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून ‘आमदारांनी अधिकाऱ्यांना धारेवर धरले’ एवढेच छापून येते. यादी येत नाही. ज्या गावाने ग्रामपंचायतीचा ठराव वेळेवर पंचायत समितीकडे पाठविला नाही, त्या गावाला आपण मागे राहिल्याचे कळतच नाही. टँकरच्या पाण्याचे प्रमाण माणशी दररोज २० लिटर धरले जाते. ते आपल्याला पुरे मिळते की नाही हे मोजावयाचे तर तो आकडा आधी ठाऊक असावा लागतो. त्यातून सावद्यासारख्या नगरपरिषदेच्या गावात पाण्यासाठी मुख्याधिकाऱ्याकडे जावयाचे आणि शेजारच्या खेड्यात ग्रामपंचायतीकडे, हा भेद आहेच.

रावेर आणि यावल तालुक्यांतील भूजल वर्षानुवर्षे उपशाच्या ओझ्याखाली आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी महाकाय पुनर्भरण योजनेचा करार झाला तेव्हा भाषणे भरपूर झाली. योजना मोठी आहे आणि तिचे स्वागतच करावयास हवे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला येत्या एप्रिलमध्ये काय करावयाचे, याचे उत्तर तिच्यात नाही.

टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील मोठ्या राज्यांच्या १९५८ ते १९९२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास करून २००२ साली एक निष्कर्ष मांडला. ज्या राज्यांत वर्तमानपत्रांचा खप अधिक, तेथील सरकारे पिके बुडाल्यावर आणि अन्नधान्याचे उत्पादन घटल्यावर अधिक तत्परतेने मदत करतात, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे राज्य श्रीमंत आहे की गरीब, याने तेवढा फरक पडत नव्हता. जाणता मतदार असला की सरकार हलते, हे बहुतेकांना अनुभवाने ठाऊक असते. येथे ते आकड्यांनी दिसले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, आमदाराचे काम कायदे करण्याचे. पत्रके वाटणे हे माहिती खात्याचे काम. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण मग आमदाराने नळाच्या उद्घाटनालाही जाऊ नये. दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्याजोगा आहे. असे पत्रक निघाले तर ते प्रचाराचेच साधन होईल. अमेरिकेत घटक राज्यांच्या विधिमंडळांचे सदस्य उन्हाळ्याच्या तोंडावर मतदारांना वार्तापत्र पाठवितात आणि त्यात उपलब्ध सोयी, मुदती, संपर्काची ठिकाणे दिलेली असतात. तेथील काँग्रेसच्या सदस्यांना सरकारी खर्चाने टपाल पाठविण्याची सवलत आहे, पण निवडणुकीपूर्वीचे ६० दिवस घाऊक टपालावर बंदी असते. म्हणजे धोका त्यांनीही ओळखला आणि नियम केला. पत्रच बंद केले नाही.

उन्हाळ्याचा संबंध केवळ शेतीशी नाही. बारावीचा निकाल लागला की जूनमध्ये दाखल्यांसाठी तहसील कचेरीत जी रांग लागते, तिच्यातील निम्मी मुले मे महिन्यात अर्ज करू शकली असती. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून अमलात आहे, प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि ती टळल्यास अपील करता येते. किती पालकांना हे ठाऊक असेल? शाळेच्या फळ्यावर शिक्षकांनी लिहावे एवढाच मजकूर आहे, पण तो कोणीतरी पाठवावा लागतो.

हा टापू राजकीयदृष्ट्या मागासलेला मुळीच नाही. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९३६ साली सावद्याच्या शेजारी फैजपूरला झाले. जवळच्याच खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. आजच्या आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी सुचविण्याचा अधिकार आहे. दोन पानी पत्रकाचा खर्च त्या निधीतून करता येत नसेल, तर तो एका वाढदिवसाच्या फलकांतून सहज निघेल. पत्रकात छायाचित्र नसले तरी चालेल. तालुक्यातील प्रस्तावांची यादी, अधिकाऱ्यांची नावे, विमा कंपनीचा क्रमांक आणि मुदती एवढे असले, आणि ते ग्रामसभेत वाचले गेले, तरी पुष्कळ झाले. मात्र ते एकदाच काढून भागणार नाही. केळीचा विमा उतरविण्याची मुदत गेल्या काही हंगामांत ३१ ऑक्टोबर अशी राहिली आहे. मे महिन्यातील वाऱ्याची भरपाई मिळावयाची तर तो विमा दिवाळीच्या सुमारासच उतरवावा लागतो, आणि त्यावेळी उन्हाळ्याची आठवण कोणालाच नसते.