उजव्या बरगडीखालचं गळू

मुलांनो, आधी एक काम करा. उजव्या हाताचा तळवा उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवा. ठेवलात? त्या बरगड्यांच्या आड तुमचं यकृत आहे, म्हणजे लिव्हर. मटणवाल्याकडची कलेजी ती हीच. गंमत बघा, 'काळीज' म्हटलं की आपण मात्र हृदयावर हात ठेवतो!

या यकृतात कधी कधी गळू होतं. मांडीवर होतं तसंच, पू भरलेलं. मांडीवरचं दिसतं तरी. आतलं दिसत नाही, तिथेच सगळी पंचाईत.

समजा, सहामाही तोंडावर आली आहे आणि तुम्हाला ताप येतोय. थंडी वाजते, ताप उतरतो, पुन्हा चढतो. पावसाळ्यात आपल्या वसई-विरारकडे ताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो, मग टायफॉइड. त्यांची तपासणी करायलाच हवी. पण ती ठीक आली तरी ताप हटत नाही, जेवण नकोसं होतं, उजवी कूस दुखते, खोकला आला की कळ मारते. कधी तर चक्क उजवा खांदा दुखतो! अशा वेळी परीक्षा बुडेल म्हणून दुखणं लपवू नका, बरं का. गळू आतल्या आत पोटात किंवा छातीत फुटलं, तर जिवावर बेतू शकतं.

डॉक्टर पोट चाचपतात, बरगड्यांमध्ये हलकेच दाबून बघतात, रक्त तपासतात. मग सोनोग्राफी. घाबरायचं काही नाही, सुई नाही की दुखणं नाही. पोटावर गार जेली लावतात आणि पडद्यावर यकृतातली ती पोकळी दिसते.

हे गळू होतं कशानं? मुख्य गुन्हेगार दोन. मुलांमध्ये बऱ्याचदा जिवाणू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस. कातडीवरच्या पिकलेल्या फोडातून तो रक्तात शिरू शकतो. म्हणून फोड नखानं फोडायचा नाही! दुसरा अमीबा. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आतड्यात जातो आणि तिथून रक्तावाटे यकृतात. त्याच्या गळवातला पू बहुधा चॉकलेटी रंगाचा असतो.

जिवाणू असेल तर अँटिबायोटिक, तेही काही आठवडे. अमीबा असेल तर मेट्रोनिडॅझोल आणि त्यानंतर आतड्यात लपलेला अमीबा मारायला आणखी एक औषध. पालकांनो, ताप उतरला म्हणून औषध मध्येच बंद करू नका. हे दुसरं औषध तर हमखास राहून जातं. गळू मोठं असेल, तर सोनोग्राफीत बघत सुईनं पू काढतात किंवा बारीक नळी काही दिवस ठेवतात. पोट उघडण्याची वेळ आता क्वचितच येते.

पूर्वी असं नव्हतं. १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी अमीबावर एमेटिनची इंजेक्शनं वापरली. रोगी वाचू लागले, पण ते औषध हृदयाला त्रास द्यायचं. मेट्रोनिडॅझोल आलं ते १९६० च्या दशकात.

आता पाण्याचं. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं, लोकल बंद पडल्या होत्या, हे तुमच्या घरी विचारा. अशा पुरात गटाराचं पाणी विहिरीत मिसळायला कितीसा वेळ लागतो? आपल्या बावखलांचं पाणी वाडीला उत्तम, पिण्यासाठी नव्हे. आणि अमीबाची कवचातली अंडीसारखी अवस्था नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. पाणी खळखळून उकळलं की मात्र ती मरते. टँकरचं असो वा बोअरिंगचं, शंका आली की उकळाच.

बरं झाल्यावरही सोनोग्राफीत ती पोकळी काही महिने दिसू शकते. ते बघून आई घाबरली, तर हा अंक तिच्या हातात द्या. ताप नाही, भूक लागतेय, वजन वाढतंय, मग ती पोकळी सावकाश भरून येईल. क्रिकेट कधीपासून खेळायचं, ते तेवढं डॉक्टरांना विचारा.