गुलकंदाचा गुलाब स्वतः वाढवावा

भावप्रकाश निघंटूच्या पुष्पवर्गात शतपत्री शीत, हृद्य आणि वर्ण्य सांगितली आहे. त्याच विश्वासाने आपण पित्ताच्या रुग्णास गुलकंद देतो. परंतु फुलबाजारातील लांब देठाचा गुलाब फुलदाणीसाठी वाढविलेला असतो व त्यावर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात. आंतरप्रवाही कीटकनाशक पाकळी धुतल्याने निघून जात नाही, आणि गुलकंदात तर पाकळी सबंधच पोटात जाते. म्हणून औषधनिर्मात्यांनी सुगंधी देशी गुलाब स्वतः लावावा किंवा परिचित शेतकऱ्याकडून विषारी फवारणीविना वाढवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फवारणीवाचून गुलाब जगत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे मूळ बहुधा संगोपनातील चुकांत असते. सर्वांत मोठी चूक अतिपाण्याची. निचरा नसलेल्या जमिनीत मुळे कुजतात. सायंकाळी पाने भिजवल्यास काळ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. पाणी सकाळी, बुंध्याशी आणि वरची माती सुकल्यावरच द्यावे. रोज किमान ६ तास ऊन, दोन झाडांमध्ये मोकळी हवा, पावसाळा सरल्यावर छाटणी आणि गळलेल्या रोगट पानांची विल्हेवाट, एवढे सांभाळल्यास पुष्कळ रोग टळतात. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा मात्र तत्काळ काढावा. अन्यथा खुंटाचा रानगुलाबच माजतो.

निदानपरिवर्जन आपण रुग्णास नित्य सांगतो. तेच तत्त्व झाडास लावले, तर रुग्णाच्या हाती निःशंक मनाने गुलकंद देता येईल.