गोवंशातील आनुवंशिक दोष : चाचणीइतकीच नोंदही निर्णायक

नवी दिल्ली : देशी गायी आणि म्हशींच्या जनुकीय निवडीसाठी विकसित केलेल्या ‘गौचिप’ व ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे झाले. उत्तम वळू लहान वयातच ओळखता यावेत, हा यामागील हेतू आहे. मात्र निवडक वळूंचे गुण ज्या वेगाने पसरतात, त्याच वेगाने त्यांच्यातील सुप्त दोषही पसरू शकतात. होल्स्टिन गोवंशाचा इतिहास याची साक्ष देतो.

अमेरिकेत १९५२ मध्ये जन्मलेल्या ‘ऑसबोर्नडेल आयव्हन्हो’ या नामांकित वळूच्या वंशजांचे वीर्य अनेक देशांत वापरले गेले. या वंशातील काही वासरे वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाने दगावत. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी पोहोचूच शकत नव्हत्या. ‘ब्लॅड’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे जनुकीय कारण १९९२ मध्ये उलगडले आणि त्याचे मूळ या वळूपर्यंत जाऊन पोहोचले. तोवर अमेरिकेतील सुमारे १५ टक्के होल्स्टिन वळू दोषाचे वाहक बनले होते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म अर्लिंडा चीफ’ या वळूतील एका दोषामुळे जगभरात सुमारे ५ लाख गर्भ दगावले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचे नुकसान झाले, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला. त्याच वळूच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाचे मूल्य मात्र सुमारे ३ हजार कोटी डॉलर आकारले गेले. वाहक आढळताच तो सरसकट बाद करावा का, हा प्रश्न म्हणूनच सोपा नाही.

असे बहुतेक दोष अप्रभावी जनुकांमुळे उद्भवतात. वाहक जनावर स्वतः निरोगी असते. वाहक वळू आणि वाहक गाय यांचा संयोग झाल्यास प्रत्येक गर्भ बाधित असण्याची शक्यता २५ टक्के असते. दोनपैकी एक जनावर दोषमुक्त असेल, तर संतती बाधित होत नाही. धोका केवळ दोषात नसून वाहकांच्या आपापसांतील संयोगात आहे.

भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार १९ कोटींहून अधिक गोवंश असून त्यापैकी सुमारे ५ कोटी विदेशी व संकरित आहेत. ‘ब्लॅड’चे वाहक येथील होल्स्टिन व संकरित जनावरांतही आढळले आहेत. त्यामुळे वीर्य केंद्रांतील अशा वळूंची ‘ब्लॅड’सह काही ठरावीक विकारांसाठी चाचणी केली जाते. वळूपासून वर्षाला हजारो रेतमात्रा तयार होत असल्याने दोष रोखण्याची सर्वांत स्वस्त जागा वीर्य केंद्र हीच आहे.

गीर, साहिवाल, थारपारकर अशा देशी वंशांचे गणित वेगळे आहे. शुद्ध वंशाचे सिद्ध वळू मुळातच मोजके असताना प्रत्येक वाहक बाद केल्यास वंशाचा पाया आणखी अरुंद होतो आणि उरलेल्या जनावरांत सगोत्र संयोग वाढून नवे दोष उघडे पडू शकतात. अशा वेळी मौल्यवान वाहकाचा वापर केवळ तपासलेल्या, दोषमुक्त गायींपुरता ठेवणे आणि त्याच्या संततीतून दोषमुक्त वारस निवडणे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

परंतु हा मार्ग नोंदींवाचून चालत नाही. एखाद्या गावात तोच वाहक वळू वर्षानुवर्षे वापरला गेला आणि त्याच्याच कालवडींना त्याच्याच रेतमात्रा दिल्या गेल्या, तर आई दोषमुक्त असलेल्या कालवडींतही आठांतील एक गर्भ बाधित असण्याची शक्यता असते. गर्भ लवकर दगावल्यास पशुपालकाला केवळ ‘गाय उलटली’ एवढेच कळते. औषधोपचाराचा खर्च, वाया गेलेले माज आणि लांबलेले वेत यांचा भार त्याच्यावरच पडतो.

रेतमात्रेच्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो आणि जनावराच्या कानातील बिल्ल्यावर बारा अंकी ओळख असते. कृत्रिम रेतनाच्या वेळी या दोन्हींची अचूक नोंद झाली, तर कालवडीचा पिता कोण हे पुढच्या रेतनापूर्वी तपासता येईल. प्रयोगशाळेतील चिपचा लाभ गोठ्यापर्यंत पोहोचेल की नाही, हे बऱ्याच अंशी या साध्या नोंदीवर अवलंबून आहे.