रेंज पाहिजे, पण ग्रामसभेच्या ठरावाने



धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात 'रेंजची जागा' हा एक नवीनच पत्ता झाला आहे. कुठे माथ्यावरचं महूचं झाड, कुठे बारीतला मोठा दगड. संध्याकाळी तिथे सगळे जमतात. गुजरातला ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरची माणसं, आशाताई, मास्तर, आमचूरचा भाव विचारणारे, आणि नुसते व्हिडिओ बघणारी पोरंसुद्धा. बघायला गंमत वाटते. पण बाळंतीण झोळीत घालून निघते, चार जण झोळीला खांदा देतात आणि पाचव्याला १०८ ला फोन करायला आधी डोंगर चढून पळावं लागतं, तेव्हा गंमत राहत नाही.

मागच्या काही बैठकांमध्ये ह्या विषयावर आपल्यातच दोन बाजू पडल्या. जवान पोरं म्हणतात, टॉवर येऊ द्या, कुठेही उभा करा, कागदाचं मागून बघू. म्हातारी माणसं म्हणतात, रस्ता आला तेव्हा आपण खूश झालो आणि त्याच रस्त्याने आपला साग बाहेर गेला, आता टॉवर आल्यावर काय जाईल ते आधी सांगा. आम्हाला दोघांचं पटतं. म्हणून आमचं म्हणणं असं की टॉवर मागायचा, जोर लावून मागायचा, पण जागा ग्रामसभा दाखवील. आणि टॉवरच्या बदल्यात जमिनीचा एकही दावा ढिला सोडायचा नाही.

सरकारनेच आपलं सगळं जगणं नेटवर्कला बांधून ठेवलं आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आधार आपल्याकडून निघून देशभर गेलं, टॉवर मात्र डोंगर चढता चढता दमले. रेशनला अंगठा, बँकेत ओटीपी. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामावर मोबाईलवरच हजेरी, दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो. खड्डा आपण खणायचा आणि तो खणला की नाही हे मोबाईलने सांगायचं!

टॉवर येईल तेव्हा येईल. तोपर्यंत 'रेंज नाही' म्हणून कुणाचं धान्य अडवता येत नाही, हे पाठ करून ठेवा. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना लेखी कळवलेलं आहे. नेटवर्क नसेल किंवा अंगठा जुळत नसेल, तर रेशन कार्ड आणि आधार कार्ड दाखवल्यावर धान्य द्यायचं आणि त्याची वेगळी नोंद ठेवायची. दुकानदार 'उद्या या' म्हणाला तर ह्या तारखेचं नाव घ्या. हजेरीचंही तसंच. फोटो रेंज नसतानाही काढून ठेवता येतो आणि रेंजमध्ये गेल्यावर पाठवता येतो. तेही जमलं नाही तर कागदावरची हजेरी चालवून घ्यायचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे आपल्याकडे कलेक्टरला, आहे. ग्रामरोजगार सेवकाला हे माहीत नसेल तर आपण सांगावं. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, तोही बिचारा त्याच दगडावर उभा असतो.

आता रेंज येत का नाही ते समजून घेऊ. मोबाईलची लहर जवळजवळ सरळ चालते, डोंगर आडवा आला की अडते. सपाटीवर एक टॉवर बरीच गावं सांभाळतो. आपल्याकडे एकाच गावाचे पाडे वेगवेगळ्या नाल्यांवर, वेगवेगळ्या तोंडाने बसलेले. गावठाणात पूर्ण काड्या आणि पलीकडच्या पाड्यात शून्य, असं होतं ते त्यामुळे. काही माथ्यांवर तर महाराष्ट्राचा टॉवर दिसत नाही आणि मध्य प्रदेशाचा किंवा गुजरातचा पकडतो. दुसरी गोष्ट लहरीच्या जातीची. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर २३०० पेक्षा लांब जाते आणि झाडीतून बरी निघते. म्हणून कंपनीचा माणूस आला की 'टॉवर कोणत्या लहरीचा?' हे विचारायचं. त्याला वाटेल ह्यांना काय कळतं, वाटू द्या.

कोणत्या माथ्यावरून कोणते पाडे दिसतात हे शहरात बसलेल्या इंजिनियरला नकाशावरून अर्धंच कळतं. आपल्याला पावलांनी माहीत आहे. टॉवरची जागा ग्रामसभेने दाखवायची म्हणतो ती हक्कासाठी आहेच, पण कामाच्या दृष्टीनेही तीच जागा बरोबर निघते.

पैसा नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. मोबाईल कंपन्यांच्या कमाईतले, सरकारी हिशेबाने, ५ टक्के वेगळ्या निधीत जातात. तो निधी दुर्गम भागासाठीच आहे, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. कंपनीची कमाई म्हणजे शेवटी आपलं रिचार्ज. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने ५ राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांना मोबाईल सेवा द्यायचं ठरवलं, त्या राज्यांत महाराष्ट्र आहे. जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, २४,६८० गावांना बीएसएनएलमार्फत ४जी द्यायला. त्यात यादीबाहेरची २० टक्के गावं वाढवायची सोय आहे. पण यादी गावाची बनते, पाड्याची नाही. एका कोपऱ्यात रेंज मिळाली की गाव झालं म्हणायला सगळे मोकळे. वनगावांचं तर कागदावर गाव म्हणूनच जुळता जुळत नाही. म्हणून मागणी पाड्याच्या नावाने करायची.

आणि 'वनजमीन आहे, परवानगी मिळत नाही' हे उत्तर आलं तर वनहक्क कायदा २००६ काढायचा, कलम ३(२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाणी अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्या आहेत. एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागतेच. कुणी म्हणेल वाहिनी म्हणजे तार, टॉवर नाही. मग तसं लेखी द्या म्हणावं. तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही.

ठराव पक्का करा. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, नाहीतर पुढे कुणीतरी त्याच्यावर बोट ठेवील. ठरावात जागा, कंपार्टमेंट नंबर, किती गुंठे आणि किती झाडं ते लिहा. त्या जागेवर कुणाचा वैयक्तिक किंवा गावाचा सामूहिक दावा असेल तर 'ही शिफारस म्हणजे दावा सोडणं नव्हे' हे वाक्य घालाच. जाणूनबुजून सांगतो, कारण सोयीसाठी दिलेली सही उद्या जमिनीच्या कागदाला जोडली जाऊ शकते. बॅटरी आणि सौरऊर्जेचीही अट घाला. लाईट गेली की टॉवर झोपतो, आणि पावसाळ्यात लाईट किती दिवस जाते हे तुम्हाला सांगायला नको. बंद टॉवरला कावळ्याशिवाय कुणाचा उपयोग नाही.

दोन ठिकाणी फसू नका. 'तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला भाडं देतो, आधी फी भरा' असा फोन आला तर तो चोर समजा. टॉवर लावायला जमीनवाल्याकडून पैसे घेत नाहीत. आणि बाजारात मिळणारा रेंज वाढवायचा बूस्टर परवान्याशिवाय लावणं कायद्यात बसत नाही, त्याने आजूबाजूच्यांची रेंजही बिघडते.

टॉवर नसताना एक काम मात्र आजच होतं. फोनमधलं जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला रेंज लागत नाही. दाव्याची जमीन फिरून मोजता येते तशाच रेंज मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या जागाही पाड्या-पाड्याने नोंदवता येतात. प्रत्येक पाड्यातल्या दोन पोरांनी एक दिवस ह्याला द्यावा, सोबत एक म्हातारं माणूस घ्यावं, माथ्यांची नावं त्यांनाच माहीत असतात. तो नकाशा ठरावाला जोडा. ठराव तहसील, वनविभाग आणि प्रकल्प कार्यालय तिन्हीकडे द्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय कचेरीतून उठू नका.